घारीची गिरकी, विमानाचा पंख

मार्च-एप्रिलच्या भर दुपारी बेळगाव-खानापूर रस्त्यालगत एखाद्या नांगरलेल्या तांबड्या रानावर घार फिरताना दिसली, तर मोबाईलमधले स्टॉपवॉच काढा. ती एखाद्या झाडाच्या किंवा टॉवरच्या रेषेत आली की सुरू करायचे, पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा त्याच रेषेत आली की बंद. आकडा साधारण ११ सेकंदांच्या आसपास पडला असे धरू. एवढ्या एका आकड्यावरून घारीबद्दल बरेच काही काढता येते.

तरंगणारी घार सेकंदाला साधारण १० मीटर जाते, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, गल्लीतल्या दुचाकीइतकी. ११ सेकंदांत ११० मीटर. हा झाला वर्तुळाचा परीघ. त्याला ६.२८ ने भागले की त्रिज्या मिळते : साडेसतरा मीटर. एवढ्या लहान वर्तुळात फिरायला पंख किती तिरके करावे लागतात तेही निघते : सुमारे ३० अंश. आता सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरणारे एटीआर ७२ हे प्रवासी विमान घ्या. धावपट्टीकडे येताना त्याचा वेग सेकंदाला ६० मीटरच्या घरात असतो. त्याला तोच ३० अंशांचा कल दिला, तर वळणाची त्रिज्या होते जवळजवळ ६३५ मीटर. वेग सहापट झाला आणि वर्तुळ छत्तीसपट, कारण त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते.

घारीला एवढे लहान वर्तुळ लागते कशाला? तिला वर नेणारी हवा अरुंद असते म्हणून. तांबडी माती, उद्यमबागेतल्या शेडचे पत्रे, पाचट पेटवलेला उसाचा फड हे लवकर तापतात. शेजारचे तळे, भाताचे ओले खाचर, काजूची बाग मागे राहते. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन वर सुटते. वैमानिक याला थर्मल म्हणतात, आपण उमाळा म्हणू. जमिनीजवळ उमाळ्याची रुंदी बऱ्याचदा शंभर मीटरही भरत नाही, आणि त्याच्या कडेला हवा उलट खाली येत असते. वर्तुळ मोठे झाले की पक्षी फुकटच्या लिफ्टमधून बाहेर पडून थेट खाली जाणाऱ्या हवेत सापडतो. सकाळी आठला घार विजेच्या खांबावर बसलेली असते आणि दहा-अकरानंतर आभाळात दिसते, याचे कारण तिचा आळस नव्हे. तोपर्यंत जमीनच तापलेली नसते. भर आषाढात दिवसभर ढग असले की तीच घार पंख मारत जाताना दिसते.

पुढचा हिशोब तर अगदी किराणा दुकानाच्या वहीसारखा. तिरके फिरताना घार हवेच्या मानाने सेकंदाला साधारण १ मीटर खाली जात असते. उमाळा सेकंदाला ३ मीटरने वर जात असेल, तर शिल्लक राहिले २ मीटर. एका गिरकीत २२ मीटर, पाच गिरक्यांत शंभरावर. अशी ४०० मीटर उंची जमा झाली की ती पंख न हलवता सरळ सुटते. दर मीटर उंचीमागे १० मीटर पुढे एवढे धरले तरी ४ किलोमीटरचा प्रवास झाला. तिथे दुसरा उमाळा गाठायचा. ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) उडवणारे वैमानिक आजही घारी-गिधाडांची घिरटी शोधत त्यांच्याखाली शिरतात. त्यांचे यान सेकंदाला २५ मीटरने जाते, त्यामुळे ३० अंशांच्या कलाने त्याचे वर्तुळ ११० मीटर त्रिज्येचे होते आणि उमाळ्यात मावत नाही. म्हणून ते ४५ अंशांपर्यंत कलतात आणि त्रिज्या ६५ मीटरवर आणतात. एवढे कलून उडताना पंखावर ताण वाढतो आणि यान खाली येण्याचा वेगही वाढतो.

घारीचा वेग एवढा कमी कसा, याचे उत्तर तिच्या वजनात आणि पंखाच्या पसाऱ्यात आहे. वजन पाऊण किलोच्या आतबाहेर, पंखांचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटरपेक्षा थोडे जास्त. म्हणजे दर चौरस मीटर पंखावर भार अडीच-तीन किलो. ससाण्याचा पंख अरुंद आणि टोकदार, त्यावर भार साधारण दुप्पट. एटीआरच्या पंखावर तोच भार पावणेचारशे किलोंच्या घरात जातो (२३ टन वजन, ६१ चौरस मीटर पंख) आणि एअरबस ३२० च्या पंखावर सहाशेच्या वर. हवेची उचल पंखाच्या क्षेत्रफळाबरोबर आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणून भार चौपट झाला की तग धरण्याचा वेग दुप्पट लागतो. पक्षी आणि विमान यांची कोणतीही तुलना करताना हा आकडा आधी मांडावा. तो न मांडता सांगितलेल्या 'पक्ष्यावरून विमान सुचले' छापाच्या गोष्टी पुष्कळ फिरतात. त्यातल्या काही खऱ्या, काही अर्ध्या आणि काही निव्वळ फेकाफेक. बऱ्याच ठिकाणी नक्कल झालेलीच नाही. अडचण सारखी होती, म्हणून उत्तर सारखे आले.

बोटे फाकलेला पंख

घारीच्या, गरुडाच्या किंवा गिधाडाच्या पंखाचे टोक खालून बघा. तिथे सलग कड दिसत नाही. पाच-सहा लांब पिसे हाताच्या बोटांसारखी फाकलेली दिसतात आणि टोकाकडे वर वळलेली असतात. बहिरी ससाण्याला ही बोटे नसतात, त्याच्या पंखाचे टोक सुरीसारखे.

बोटांचे काम समजायला आधी पंखाच्या टोकाशी काय होते ते पाहू. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. मधल्या भागात खालची हवा वर जाऊ शकत नाही, कारण मध्ये पंख आहे. टोकाला मात्र तिला वाट मिळते आणि ती वळसा घालून वर घुसते. त्यातून टोकामागे भोवरा तयार होतो. भोवरा फिरवायला लागणारी ताकद शेवटी पक्ष्याकडून किंवा इंजिनाकडूनच जाते. उचलीची ही किंमत कमी वेगात सर्वांत जास्त द्यावी लागते. प्रवासी जेट उंचावर सरळ जात असतानाही त्याच्या एकूण अवरोधातला (हवेच्या मागे खेचणाऱ्या विरोधातला) साधारण ४० टक्के वाटा हाच असतो. घारीसारख्या हळू तरंगणाऱ्या पक्ष्याला तो आणखी जड पडतो.

यावर पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे पंख लांब करणे. समुद्रावरच्या अल्बट्रॉसने तेच केले. पण घारीला झाडावर बसायचे असते, बाजारात दोन तारांच्या मधून झडप घालून मटणाच्या दुकानासमोरचा तुकडा उचलायचा असतो. तिला दोन मीटरचा लांब अरुंद पंख परवडत नाही. म्हणून तिने एका मोठ्या भोवऱ्याचे पाच-सहा लहान भोवरे केले. प्रत्येक पीस स्वतंत्र छोट्या पंखासारखे वागते आणि वेगवेगळ्या उंचीवर असल्याने भोवरा उभ्या दिशेत पसरतो. हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. संशोधक व्हान्स टकर यांनी हॅरिस जातीच्या शिकारी पक्ष्याला वाऱ्याच्या बोगद्यात (हवेचा झोत सोडून मोजमाप करायच्या बंद नळीत) तरंगायला शिकवले आणि टोकाची पिसे शाबूत असताना व कापल्यावर अवरोध मोजला. शाबूत पिसांचा अवरोध कापलेल्या पिसांच्या ७० ते ९० टक्केच भरला. हा अभ्यास १९९५ सालचा.

आता विमानाकडे. पंखाच्या टोकाला उभी फळी लावण्याचे पेटंट इंग्लिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १८९७ मध्येच घेतले होते, तेव्हा राइट बंधूंचे विमान उडायला सहा वर्षे बाकी होती. पण नुसती सपाट फळी लावली की तिचा स्वतःचा अवरोध मिळालेला फायदा खाऊन टाकतो. १९७० च्या दशकात नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी ही फळी म्हणजे एक नीट घडवलेला छोटा पंख करून दाखवला. तिची जाडी, कोन, पिळ सगळे मोजून ठरवलेले. तरंगणाऱ्या पक्ष्यांच्या टोकाच्या पिसांवरचा लेख त्यांच्या वाचनात आला होता, असे नासाच्याच माहितीत म्हटले आहे. १९७९-८० मध्ये बोईंगच्या केसी-१३५ या इंधनवाहू विमानावर चाचण्या झाल्या आणि इंधनाचा सुमारे साडेसहा टक्के फायदा दिसला. आज त्यालाच आपण विंगलेट म्हणतो. म्हणजे इथे पक्ष्याकडून काहीतरी आले हे खरे, पण आली ती फक्त दिशा. आकार गणिताने आणि बोगद्यातल्या मोजमापाने ठरला.

मग विमानाला पाच बोटे का नाहीत? एकतर प्रत्येक बोट लवचिक ठेवले तर ताशी ८०० किलोमीटरला ते फडफडू लागते, आणि विमानात फडफड म्हणजे काही सेकंदांत तुटणे. दुसरे म्हणजे प्रत्येक जोड तपासावा लागतो. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कुणालाही विचारा, एका भागाच्या मागे किती कागद चालतात. घार वर्षाकाठी पिसे टाकते आणि नवी उगवते, विमानाला ती सोय नाही. तिसरे कारण पक्ष्यांशी संबंधितच नाही : जागा. मध्यम आकाराच्या विमानासाठी आखलेल्या उभे राहण्याच्या जागेत पंखविस्तार ३६ मीटरच्या आत लागतो. एअरबस ३२० चा पंख साधा असताना ३४.१ मीटर होता, शार्कलेट (एअरबसचे विंगलेट) लावल्यावर ३५.८ मीटर. लांबी वाढवायला जागा नाही म्हणून टोक वर वळवले. बोईंगच्या ७७७एक्स ने तर सरळ घडी घातली आहे. हवेत पंखविस्तार ७१.८ मीटर आणि जमिनीवर टोके दुमडून ६४.८ मीटर. बसताना पंख मिटण्याची पक्ष्याची युक्ती शेवटी आली ती गेटच्या रुंदीमुळे.

खांबावर बसताना

विमानाच्या दृष्टीने पक्ष्याचे सर्वांत अवघड काम शिकार नाही. बसणे हे आहे. खांबाकडे येणारी घार नीट पाहा. ती खांबाच्या उंचीवरून येत नाही, थोडी खालून येते. शेवटच्या काही मीटरांत अंग उभे करते, पंख पुढे आणि वर, शेपटी पंख्यासारखी उघडी, पाय पुढे. वेग उंचीत बदलला जातो : सेकंदाला ६ मीटर वेग असेल तर त्यात सुमारे १.८ मीटर चढता येते आणि वर पोचेपर्यंत वेग जवळजवळ शून्य. म्हणजे ब्रेक लावायला वेगळी ताकद नको.

धोका आहे तो पंखाचा कोन वाढण्यात. हवेला पंख जेवढा तिरका भिडेल तेवढी उचल वाढते, पण साधारण १५ अंशांपुढे वरच्या पृष्ठावरून जाणारी हवा पंखाला चिकटून राहत नाही. ती सुटते आणि उचल एकदम कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही, वर्तमानपत्रांत हा घोळ नेहमी होतो. पक्ष्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला, मनगटाशी, अंगठ्याची तीन-चार कडक पिसे असतात. बसताना ती पुढे उघडतात. त्या फटीतून आणि त्या पिसांच्या टोकाशी तयार होणाऱ्या लहान भोवऱ्यामुळे वरची हवा आणखी काही अंश चिकटून राहते. शेवटी घार स्टॉलमध्ये जातेच, पण अगदी खांबाजवळ पोचल्यावर. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हॅरिस जातीच्या पक्ष्यांवर हेच मोजले. पक्षी कमी वेळाचा मार्ग निवडत नाहीत आणि कमी श्रमाचाही नाही. स्टॉल झाल्यानंतर हवेत कापावे लागणारे अंतर सर्वांत कमी राहील असा मार्ग ते निवडतात.

विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेला उतरताना जी पट्टी सरकून पुढे-खाली येते, ती स्लॅट. काम तेच. पण ती पक्ष्याच्या अंगठ्यावरून घेतली असे म्हणणे चुकीचे. जर्मन वैमानिक गुस्ताव लाखमान पहिल्या महायुद्धात स्टॉल होऊन कोसळला, जखमी झाला, आणि त्यातून त्याला फटीची कल्पना सुचली. इंग्लंडमध्ये विमाने बनवणारे हँडली पेज यांनी बोगद्यातल्या प्रयोगांतून तीच गोष्ट स्वतंत्रपणे गाठली. एकाला अपघाताने शिकवले आणि दुसऱ्याला मोजमापाने. सांबऱ्यावर एटीआरने प्रवास करणाऱ्यांना मात्र स्लॅट दिसणार नाहीत, त्या विमानाला फक्त मागच्या कडेचे फ्लॅप आहेत. स्लॅट पाहायचे तर एअरबस ३२० किंवा बोईंग ७३७ मध्ये पंखाच्या थोड्या पुढची खिडकी घ्या.

बेळगावच्या उंचीचा एक मुद्दा इथेच सांगून टाकू. समुद्रसपाटीपासून ७५० मीटरवर हवा साधारण ७ टक्के विरळ असते. तेवढीच उचल मिळवायला खरा वेग साडेतीन टक्के जास्त लागतो. गोव्याला उतरणाऱ्या आणि सांबऱ्याला उतरणाऱ्या एकाच विमानाला वेगमापक एकच आकडा दाखवतो, पण जमिनीवरून धावण्याचा वेग सांबऱ्याला जास्त असतो. उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापून आणखी विरळ होते तेव्हा हा फरक वाढतो. घारीलाही हाच नियम आहे, पण तिला धावपट्टी लागत नाही.

शेपटीचा पिळ

विमानाला मागे उभा कल्ला (शेपटीवरची उभी फळी) असतो. पक्ष्याला नसतो. घार वळताना तिची दुभंगलेली शेपटी बघा : ती सारखी या अंगाला, त्या अंगाला पिळत असते, एखादा नावाडी वल्हे फिरवतो तशी. हा पिळ समजला की राइट बंधूंची निम्मी गोष्ट समजते.

विल्बर राइट यांनी मे १९०० मध्ये ग्लायडरचे जाणकार अभियंते ऑक्टेव्ह शनूट यांना लिहिलेल्या पत्रात आपले निरीक्षण नोंदवले आहे. वाऱ्याच्या झोताने एका बाजूला कललेला बझर्ड (तिकडचे टर्की गिधाड) पंखांची टोके पिळून तोल सावरतो. एका टोकाचा कोन वाढवला की तिकडची उचल वाढते, दुसऱ्याचा कमी केला की तिकडची घटते, आणि शरीर फिरते. त्याआधीच, १८९९ मध्ये, त्यांनी पाच फुटी दुमजली पतंगावर पंख पिळण्याचा प्रयोग केला होता. इथे शिकारी पक्ष्याकडून विमानाकडे आलेली गोष्ट कागदावर नोंदलेली आहे, म्हणून ही सर्वांत भक्कम.

पण नक्कल अर्धीच होती, आणि तिथेच गडबड झाली. ज्या बाजूचा पंख वर जातो त्याची उचल वाढते, त्याबरोबर अवरोधही वाढतो. त्यामुळे डावीकडे वळायला जावे तर नाक उजवीकडे ओढले जाते. १९०१ च्या ग्लायडरमध्ये हा उलटा ओढा त्यांना जाणवला. पक्षी तो शेपटी पिळून मोडून काढतो. राइट बंधूंनी १९०२ मध्ये मागे हलता उभा कल्ला बसवून मोडला. १७ डिसेंबर १९०३ ला १२ सेकंद, १२० फूट उडालेल्या यंत्रात पंखाचा पिळ आणि मागचा कल्ला दोन्ही जोडीने काम करत होते. पुढे पंख पिळण्याऐवजी मागच्या कडेला बिजागरीची पट्टी आली, एलरॉन. कारण साधे : मजबूत, ताठ पंख पिळत नाही.

आता चक्र उलटे फिरते आहे. कार्बन धाग्यांच्या पंखाला हवे तेवढे लवचिक करता येते. २०१४-१५ मध्ये नासाने एका गल्फस्ट्रीम जेटवर फ्लॅपच्या जागी फट नसलेली, वाकणारी मागची कड बसवून उडवली. २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधील संस्थेने बाज या पक्ष्यावरून (आपल्या शिक्र्याच्या नात्यातला, आकाराने मोठा) पिसांसारखे पंख आणि शेपटी मिटणारे-उघडणारे ड्रोन बनवले. पंख मिटले की कमी अवरोधात वेग, पंख आणि शेपटी दोन्ही उघडले की हळू वेगात अरुंद वळण. शिक्रा आंब्याच्या बागेत चिमणीमागे घुसतो तेव्हा हेच करतो : आखूड गोल पंख आणि लांब शेपटी.

धक्के खाणे हाही यातलाच विषय आहे. विमानात खराब हवेत बसणारे हिसके पक्ष्यालाही बसतात. गव्हाणी घुबडाला पंख्यांच्या झोतातून उडवून उच्च गतीच्या कॅमेऱ्यांनी टिपले, तेव्हा पंख खांद्यापासून वर ढकलला जातो आणि धड जवळजवळ स्थिर राहते असे दिसले. खड्ड्यात चाक वर जाते आणि सीट हलत नाही, तसे. स्टेप गरुडावर बसवलेल्या मोजयंत्रांनी दाखवले की झोत आला की तो क्षणभर पंख खाली घेतो आणि लगेच पूर्ववत पसरतो. एअरबसने पंखाचे टोक बिजागरीवर मोकळे सोडणाऱ्या लहान प्रतिकृतीच्या चाचण्या २०१९ पासून केल्या आहेत, हेतू हाच.

ससाणा : इथे गुरू कोण?

बहिरी ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा शाहीन हा त्याचाच भाऊबंद. पंख अंगाशी घेतले की अवरोध घटतो, वजन खेचत राहते, एवढाच त्यातला जादूचा भाग.

खरी गंमत पाठलागात आहे. निपाणीजवळ हायवेवर बसमध्ये बसला आहात आणि बाजूच्या रस्त्याने एक ट्रक तिरका येतो आहे. तो खिडकीच्या काचेवर एकाच ठिकाणी स्थिर दिसत असेल आणि मोठा होत जात असेल, तर समजा टक्कर होणार. काचेवर तो मागे सरकत असेल तर तुम्ही आधी निघून जाल. क्षेपणास्त्रे याच तत्त्वावर चालतात : लक्ष्याकडे जाणारी नजरेची रेषा जेवढी फिरेल, तिच्या ठरावीक पटीत आपण वळायचे. ही पट साधारण ३ ते ५. २०१७ मध्ये ससाण्यांवर जीपीएस आणि छोटे कॅमेरे बांधून पाहिले, तर तेही हाच नियम पाळताना दिसले, पट मात्र ३ पेक्षा कमी. क्षेपणास्त्रापेक्षा त्यांचा वेग कमी, म्हणून त्यांना तेवढी पुरते. क्षेपणास्त्राचा नियम इंजिनिअरांना १९४० च्या दशकातच ठाऊक होता, ससाण्याकडून तो कुणी शिकला नाही. उलट त्या नियमामुळे ससाणा काय करतो ते आपल्याला उमगले.

याउलट दोन गोष्टी शाळेच्या प्रदर्शनात दर वर्षी असतात आणि दोन्ही कच्च्या आहेत. पहिली, ससाण्याच्या नाकपुडीतल्या हाडाच्या गाठीवरून जेट इंजिनाच्या तोंडाचा शंकू सुचला. वेगवान विमानांच्या तोंडाचा शंकू ध्वनीच्या वेगापलीकडची हवा टप्प्याटप्प्याने मंद करण्यासाठी असतो. ससाणा ध्वनीच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्यावरही क्वचितच पोचतो, त्याच्या नाकात तसली हवा शिरतच नाही. दुसरी, बी-२ या अमेरिकन बाँबरचा आकार ससाण्याच्या सुरावरून घेतला. बी-२ चा पंखविस्तार ५२.४ मीटर आहे आणि तो बरोबर तेवढाच आहे, जेवढा विमाने बनवणारे जॅक नॉर्थ्रप यांच्या १९४० च्या दशकातल्या मोठ्या शेपटीविना विमानांचा होता. कडा तशा का, तर रडारचे किरण ठरावीक दिशांना फेकले जावेत म्हणून. शेजारी-शेजारी दोन फोटो ठेवले की काहीही कशासारखे दिसते. एअरबसने २०१९ मध्ये फाकलेल्या पिसांच्या पंखांचे 'बर्ड ऑफ प्रे' नावाचे विमान दाखवले होते, ते संकल्पनाचित्र होते. विकायला ठेवलेले विमान नव्हे.

घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते आणि मागच्या कडेला झालर असते, त्यामुळे उडताना आवाज होत नाही. प्रवासी विमानाला याचा उपयोग थोडा, त्याचा गोंगाट इंजिन आणि चाकांच्या सांगाड्यातून येतो. पवनचक्क्यांच्या पात्यांच्या मागच्या कडेला मात्र करवतीसारखे दाते बसवलेले दिसतात. सौंदत्तीच्या डोंगराकडे गेलात तर दुर्बिणीने पात्यांच्या कडा तपासून बघा.

घार आणि विमान समोरासमोर

पाऊण किलोची घार आणि सेकंदाला ६० मीटरने येणारे विमान यांची धडक म्हणजे सुमारे १,३०० ज्यूल. दहा किलो तांदळाची पिशवी चौथ्या मजल्यावरून टाकली, एवढा दणका, आणि तोही हाताएवढ्या जागेवर. मोठ्या प्रवासी विमानाची रचना सुमारे १.८ किलोच्या पक्ष्याचा आघात सोसून सुखरूप उतरू शकेल अशी असावी लागते, पण इंजिनाची पाती वाकली की खर्च आणि फेरी रद्द ठरलेलीच. घारीला विमानाचा वेग जोखता येत नाही. तिच्या दुनियेत ताशी दोनशे किलोमीटरने अंगावर येणारे काही नसते. १९३७ च्या विमान नियमांतला नियम ९१ सांगतो की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे, सोलणे किंवा घाण टाकणे मना आहे. सांबरा, मुतगे, निलजी, मोदगा, बाळेकुंद्री ही गावे त्या वर्तुळात सरळ येतात. कोंबडीच्या दुकानातली पिसे-आतडी पोत्यात भरून नाल्याकाठी फेकली की घारी तिथून उमाळ्यावर चढतात आणि धावपट्टीच्या रेषेत येतात.

थर्माकोलवर करून बघा

वर सांगितलेले स्टॉल, तोल आणि पिळ हातात घेऊन पाहायचे तर साहित्य असे : ५ मिलिमीटर जाड थर्माकोलचा पत्रा, आकाशकंदिलाला वापरतात तशी बांबूची ४५ सेंटिमीटरची कामटी, पांढरा फेव्हिकॉल, मुलांची खेळायची माती. फेव्हिक्विक किंवा रबर सोल्युशन लावू नका, ते थर्माकोल खाते.

पंख ६० सेंटिमीटर लांब, १० रुंद. मधोमध अर्धा चिरून वाकवा आणि दोन्ही टोके अडीच सेंटिमीटर उचला, म्हणजे समोरून उथळ व्ही दिसेल. खानापूरच्या जंगलावर तरंगणारा सर्पगरुड पंख असेच धरतो. घार जवळजवळ सपाट धरते, कारण तिला शेपटीने सतत सावरता येते. तुमच्या थर्माकोलला येत नाही. पंखाची पुढची कड कामटीच्या टोकापासून १२ सेंटिमीटरवर, आणि त्या कडेखाली ४ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे पंख शेपटीच्या मानाने दोन अंश वर राहील. आडवी शेपटी २० बाय ६, उभा कल्ला ८ बाय ८, दोन्ही अगदी मागे. मग नाकाला माती लावत जा, दोन बोटांवर पंखाखाली धरल्यावर पुढच्या कडेपासून अडीच ते तीन सेंटिमीटरवर तोल येईपर्यंत.

वारा पडलेल्या सकाळी किंवा हॉलमध्ये, खांद्याच्या उंचीवरून, समोर किंचित खाली ढकला. वर फेकू नका, वेग साधा हळू धावण्याएवढाच लागतो. नाक वर करून, क्षणभर थबकून, मग आपटले तर तो स्टॉल, नाकाला वाटाण्याएवढी माती वाढवा. सरळ जमिनीत घुसले तर माती काढा. एकाच बाजूला वळत असेल तर त्या बाजूच्या पंखाची मागची कड वर पिळलेली आहे का बघा आणि बोटाने हळूच खाली दाबा, विल्बरने पतंगावर केले तेच. सगळे जमल्यावर व्ही काढून पंख सपाट करा आणि पुन्हा सोडा. पाच-सहा फेकींत ते एका अंगाला कलून आवळत खाली जाईल. टोकाला बोटे कापून अवरोध कमी होतो का हे पाहण्याचा मोह होईल, पण या आकाराला आणि सेकंदाला तीन मीटर वेगाला तो फरक डोळ्याने दिसणार नाही. तेवढ्यात पंख मात्र मोडेल, म्हणून दुसरा कापून ठेवा.